कुकर लावू का?

मी पायलट, आणि आज माझा स्टँडबाय, म्हणजे घरी तयार राहून ड्युटीच्या फोनची वाट बघायची, पहाटे चार ते दुपारी बारा. आत्ता साडेनऊ झालेत. आईनं डाळ-तांदूळ धुऊन ओट्यावर ठेवलेत पण कुकर लावलेला नाही, आणि बारापर्यंत ती तो लावणारही नाही, कारण तिचं म्हणणं असं की शिट्टीच्या आवाजात माझा फोन ऐकू येणार नाही. मी शंभरदा सांगून झालंय की अगं फोन माझ्या हातात असतो, व्हायब्रेट पण होतो, आणि शिट्ट्या होऊन होऊन किती होतात, चार, तेवढ्यात काही विमान उडून जात नाही. ती सगळं ऐकून घेते आणि "असू दे" म्हणते. मग बारा वाजून पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून विचारते, "लावू का आता?"

आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंना वाटतं स्टँडबाय म्हणजे सुट्टी. लिफ्टमध्ये भेटल्या की "आज घरीच का, मज्जा आहे" असं म्हणतात, आणि मी गाऊनमध्ये, केसांचा घट्ट अंबाडा घातलेला, हातात दुधाची पिशवी आणि फोन, अशी उभी असते. अंबाडा आधीच घालून ठेवते कारण त्याला वेळ लागतो, बाकी युनिफॉर्म इस्त्री होऊन दाराच्या खुंटीला, खांद्यावरच्या पट्ट्या लावलेल्या, बूट त्याच्या खाली, बॅग भरलेली. बॅगेत दोन दिवसांचे कपडे, कारण फोन आला की फक्त दिल्ली जाऊन परत यायचंय की दिल्लीहून पुढं कुठं रात्र काढायचीय ते तेव्हाच कळतं. आंघोळीला जाताना फोन झिपच्या पिशवीत घालून साबणाच्या शेल्फवर. एकदा शॅम्पू डोळ्यात असताना फोन वाजला, उचलला, तर क्रेडिट कार्डवाली. तिला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तर स्टँडबाय म्हणजे महिन्याच्या रोस्टरमध्ये, ड्युटीच्या तक्त्यात, काही दिवस असे असतात ज्यांच्यापुढे फ्लाइट नंबर नसतो, नुसत्या वेळा असतात. त्या वेळात क्रू कंट्रोलचा, म्हणजे ड्युट्या लावणाऱ्या ऑफिसचा, फोन आला की उचलायचा आणि आमच्याकडे साधारण दीड तासात विमानतळावर हजर व्हायचं. फोन नाही आला तर नाही. एअरपोर्ट स्टँडबाय वेगळा, तिथे तर युनिफॉर्म घालूनच विमानतळावर जाऊन बसायचं, आणि कोणी आयत्या वेळी आजारी पडलं की पंधरा मिनिटांत कॉकपिटमध्ये. खरं सांगायचं तर मला तो परवडतो. तिथं निदान आपण कामावर आहोत हे स्वतःला आणि घरच्यांना माहीत असतं, घरच्या स्टँडबायमध्ये माणूस ना धड घरी ना धड कामावर, पीठ मळायला घेतलं तरी एक कान तिकडे.

हे सगळं आईला मी समजावून सांगायची गरज कधीच पडली नाही, कारण माझे बाबा भुसावळला मालगाडीचे ड्रायव्हर होते.

ज्यांनी रेल्वेची कॉलनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मेल-एक्सप्रेसच्या, पॅसेंजरच्या ड्रायव्हरला लिंक असते, म्हणजे ठरलेलं वेळापत्रक, अमुक दिवशी अमुक गाडी. मालगाडीला लिंक नसते. मालगाडी येईल तेव्हा येते, यार्डात लागेल तेव्हा लागते, आणि मग ज्याचा नंबर असेल त्याच्या घरी दोन तास आधी कॉलबॉय येतो. आमच्याकडे येणारा कॉलबॉय पन्नाशीचा होता, तरी बॉयच. सायकल, हँडलला अडकवलेली बॅटरी, काखेत कॉलबुक, त्याला सुतळीनं बांधलेली पेन्सिल. रात्री दोन वाजता तो दाराची कडी तीनदा वाजवायचा, न थांबता तीनदा, चौथ्यांदा कधीच नाही, आणि म्हणायचा, "साहेब, कॉल." बाबा उठून सही करायचे, ती सही केली की झालं, मग ताप असो की घरात पाहुणे. आई तोवर उठून स्टोव्ह पेटवायला लागलेली असायची. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, न विटणारं सगळं, कारण माणूस उद्या परत येईल की परवा ते तिला माहीत नसायचं. मी पांघरुणातून डोळे किलकिले करून बघायचे आणि परत झोपायचे.

आणि दिवसा ते झोपायचे. मे महिन्यातल्या भुसावळमध्ये दुपारी पत्र्याच्या खोलीत झोपणं म्हणजे काय ते तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. खिडकीला ओला वाळ्याचा पडदा, कूलरची घरघर, आणि आई ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून गप्प करायची. भंगारवाला, बर्फवाला, भांडणारी पोरं, कोणालाच आमच्या गल्लीत दुपारी ओरडायची परवानगी नव्हती. आख्खी कॉलनीच तशी, प्रत्येक चौथ्या घरात कोणीतरी रात्रपाळीचं झोपलेलं.

मी धुळ्याला सेसनावर, म्हणजे शिकायच्या छोट्या विमानावर, तास भरत होते तेव्हा बाबा भेटायला आले की एकच विचारायचे, लिंक कधी मिळते तुमच्यात? मी म्हणायचे बाबा आमच्यात लिंक नसते, रोस्टर असतं. तेव्हा मला पण माहीत नव्हतं की रोस्टरमध्ये मालगाडीवाले दिवस पण असतात.

आता कोणी विचारेल की एवढं वेळापत्रक आधी ठरतं, तिकिटं तीन-तीन महिने आधी विकतात, मग माणसं राखून कशाला ठेवायची. त्याचं कारण ड्युटीचं गणित. आमची ड्युटी इंजिन सुरू झाल्यापासून नाही मोजत, रिपोर्टिंगपासून मोजतात, म्हणजे ज्या क्षणी तुम्ही हजेरी लावली त्या क्षणी घड्याळ सुरू, आणि ते शेवटच्या लँडिंगनंतर विमान जागेवर लागून उभं राहीपर्यंत चालतं. त्याला मर्यादा आहे, लँडिंग जास्त असतील तर मर्यादा कमी, रात्रीची ड्युटी असेल तर आणखी कमी. आता डिसेंबरच्या दिल्लीचं धुकं घ्या. सकाळी पाचला रिपोर्ट केलेला क्रू तीन तास मुंबईतच विमानात बसून राहतो कारण दिल्लीत रनवेवर पुढचं दिसत नाही. पन्नास मीटर दिसलं तरी उतरता येतं अशी यंत्रणा तिथं आहे पण त्यासाठी विमान तसं लागतं आणि दोन्ही पायलटचं तसं ट्रेनिंग झालेलं लागतं, आणि उतरणारी विमानं एकामागे एक सावकाश घेतात, म्हणजे उशीर होतोच. तर ते तीन तास गेले. विमान दिल्लीला पोचतं, पण तिथून पुढं पाटणा आणि परत यायला क्रूकडे तास उरलेले नसतात. विमान ठणठणीत, प्रवासी रांगेत, आणि पायलट कायद्यानं संपलेला. मग कुठल्यातरी घरी फोन वाजतो.

पावसाळ्यात मुंबईचं तेच. १ जुलै २०१९ ला रात्री पावसात एक विमान मेन रनवेच्या पुढं जाऊन रुतलं आणि तो रनवे काही दिवस बंद राहिला, सगळा भार दुसऱ्या छोट्या रनवेवर. मी तेव्हा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, होते. त्या आठवड्यात स्टँडबायला फोन नाही आला असं सांगणारं मला कोणी भेटलं नाही.

रिपोर्टिंगबद्दल थोडं, कारण लोकांना वाटतं आम्ही फ्लाइटच्या दहा मिनिटं आधी चाकांची बॅग ओढत येतो. साधारण तासभर आधी हजर व्हायचं, इंटरनॅशनल असेल तर त्याहून आधी. हवामान, नोटीस, विमानाच्या बारीकसारीक तक्रारी, इंधन किती घ्यायचं, सगळं बघायचं. आणि त्याआधी बीए, म्हणजे ब्रेथ अॅनालायझर. त्यात आकडा शून्यच यायला लागतो, थोडंसं वगैरे चालत नाही, आणि फ्लाइटच्या आधी बारा तास दारू बंद. पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने लायसन्स निलंबित. मी पीत नाही तरी मला त्या नळीची भीती वाटते, कारण माऊथवॉशनं पण आकडा हलतो. आईनं एकदा माझ्या पोटदुखीवर द्राक्षासव काढलं, चांगलं चमच्यात ओतून तोंडाशी आणलं, आणि मी अशी ओरडले की तिनं चमचा टाकलाच. आसव-अरिष्टात दारू आपोआप तयार होते हे तिला पटत नव्हतं. "आमच्या आजीनं आयुष्यभर प्यायलं," ती म्हणाली. आजीला बीए नव्हती गं.

मरोळहून टर्मिनल एकला रिकाम्या रस्त्यानं वीस मिनिटं, संध्याकाळी सातला पाऊस असला तर देव जाणे. आता मेट्रो थेट दारात जाते पण पहाटे तीनला मेट्रो नसते. आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून विमानं उडायला लागलीयेत. तिकडे राहणाऱ्यांची सोय झाली, पण मरोळला घर घेऊन बसलेल्यांनी मनातल्या मनात दीड तास मोजून बघितलाच असणार, मी तरी बघितला.

पण हे सगळं जमतं. गाडी, इस्त्री, बॅग, मुलीला शाळेत कोण सोडणार, सगळं जमवता येतं. न जमणारी गोष्ट एकच, झोप.

समजा स्टँडबाय संध्याकाळी सहा ते रात्री दोन आहे. सकाळी सहाला उठलात, कारण घर उठतं, मुलगी उठते, दूध येतं. दुपारी झोपायचं असं ठरवता. आणि झोप काही हुकुमाची ताबेदार नाही, नुसतं पडून राहता, छताकडे बघत हिशेब करत की आत्ता लागली तर तीन तास मिळतील, आत्ता लागली तर अडीच. संध्याकाळी उठून जेवता. दहाला वाटतं आता फोन येत नाही, झोपू या. बाराला वाटतं आत्ता झोपले आणि एकला आला तर अर्धवट झोपेतून उठण्यापेक्षा जागी राहिलेली बरी. कागदावर मात्र तुम्ही ताज्यातवान्या असता, आदल्या ड्युटीनंतरची विश्रांती पूर्ण झालेली असते, नियमाला बोट लावायला जागा नसते. नियम विश्रांतीचे तास मोजतो. त्या तासांत डोळा लागला का हे तो विचारत नाही, विचारणार तरी कुणाला.

युरोपच्या नियमात एक वाक्य आहे जे मला फार आवडतं. घरचा स्टँडबाय सोळा तासांपर्यंत ठेवता येतो असं ते म्हणतात, आणि हे मला अजिबात आवडत नाही, पण पुढं म्हणतात की स्टँडबाय आणि ड्युटी मिळून माणूस अठरा तासांपेक्षा जास्त जागा राहणार नाही अशी व्यवस्था करा. जागा! कोणीतरी टेबलावर बसून तो शब्द घातला, म्हणजे त्याच्या घरात कोणीतरी असं छताकडे बघत पडलेलं असणार. अमेरिकेत नियम बदलले ते बफेलोच्या अपघातानंतर. १२ फेब्रुवारी २००९, एक छोटं विमान घरावर पडलं, पन्नास माणसं गेली. त्यातली को-पायलट आदल्या रात्री सिअॅटलहून देश ओलांडून, मध्ये विमान बदलून, न्यूअर्कला ड्युटीसाठी आली होती आणि क्रूच्या खोलीत सोफ्यावर टेकली होती. कॅप्टनही त्या रात्री धड पलंगावर झोपला नव्हता. तिकडे पुष्कळ पायलट एका गावात राहतात आणि दुसऱ्या गावातून उडतात, आणि त्या गावात आठ-दहा जण मिळून बंक बेडवाली खोली घेतात. जानेवारी २०१४ पासून त्यांच्याकडे ड्युटीआधी दहा तास विश्रांती आणि त्यात सलग आठ तास झोपेची संधी असा नियम आहे. संधी. झोप कोणीच लिहून देत नाही.

आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्यानं, नवीन नियम काढले. आठवड्याची सुट्टी छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस, रात्रीची लँडिंग सहावरून दोन, आणि रात्र म्हणजे पूर्वी बारा ते पाच होती ती बारा ते सहा. पहाटेचा एक तास सरकारनं रात्रीला जोडून दिला, मला हे वाचून उगाचच भरून आलं होतं. मग ते लांबले, कोर्टात गेले, आणि जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन हप्त्यांत लागू झाले. आणि डिसेंबरमध्ये काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, नवीन नियमांना पायलट पुरले नाहीत, हजारो फ्लाइट रद्द, विमानतळावर बॅगांचे डोंगर, लग्नाला निघालेली माणसं जमिनीवर झोपलेली. रात्रीच्या नियमांना मग काही काळ सूट पण मिळाली. त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की पायलट लोकांना आरामच फार लागतो. मी टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. मग बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याला म्हणा, एकदा पहाटे चारला इंजिनात ये."

बाबा आणि आई आता आमच्याकडेच असतात, आणि माझा रात्रीचा स्टँडबाय असला की बाबा हॉलमध्ये दिवाणावर झोपतात. मी सांगितलेलं नाही, ते आपोआप. गेल्या पावसाळ्यात मी दोन रात्री उडून आलेले, मध्ये सुट्टी, मग स्टँडबाय, आणि अशी काही मेल्यासारखी झोपले की फोन उशाशी वाजत होता आणि मला स्वप्नात तो ओव्हरस्पीडचा वॉर्निंग वाटत होता आणि मी स्वप्नातच थ्रस्ट कमी करत होते. नवरा टूरवर. आणि मग बेडरूमच्या दाराची कडी वाजली. तीनदा. आमच्या दाराला कडी नाही, हँडल आहे, बाबांनी हँडलच खडखडवलं होतं. "कॉल आहे," ते म्हणाले, बाहेरूनच. मी फोन उचलला, "कॅप्टन, गुड मॉर्निंग, तुम्हाला रायपूर आहे," वगैरे वगैरे, आणि बाहेर आले तर आई उठून गॅसपाशी. तिला म्हटलं अगं आम्हाला विमानात जेवण मिळतं. तिनं तरी दोन पोळ्या आणि चटणी फॉइलमध्ये बांधून दिली, आणि रायपूरला सकाळी सातला मी ती खाल्ली, आणि माझ्या फर्स्ट ऑफिसरनं एक मागून घेतली.

आणि एकदा मी नाही म्हणाले. तेही सांगायला हवं.

सहा ते दोनचाच स्टँडबाय. वरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर टाइल्स फोडत होते, दुपारी पाच मिनिटं पण डोळा लागला नाही. रात्री एक वीसला फोन, रिपोर्टिंग तीनला, लखनौ जाऊन परत. मी हिशेब केला, सकाळी साडेसहापासून जागी, परत येऊन उतरेन तेव्हा सव्वीस तास होतील, आणि ते उतरणं मुंबईच्या सकाळच्या गर्दीत. म्हटलं, मी फटीग्ड आहे, मला जमणार नाही. पलीकडचा मुलगा तीन सेकंद गप्प. मग "ओके मॅम, रिपोर्ट भरून टाका प्लीज." एवढंच. कोणी ओरडलं नाही, नियमानं तो माझा हक्कच आहे, हक्क कसला, नियमानं ते माझं कामच आहे. तरी फॉर्म भरताना हात चोरासारखा चालत होता. वरच्या मजल्यावर टाइल्स फोडत होते असं सरकारी इंग्रजीत कसं लिहितात?

माझ्या जागी ज्याला उठवलं तो माझ्याच बॅचचा. चार दिवसांनी क्रू रूममध्ये भेटला. मी सॉरी म्हणाले. तो म्हणाला, सोड गं, मी पण साखरपुड्याहून रात्री आलेलो, सकाळपासून जागाच होतो, पण फोनवर नाही म्हणायचं सुचलंच नाही.

हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबा शेंगा फोडत होते. त्यांच्या काळात कॉल नाकारला की चार्जशीट, त्यामुळे मला वाटलं ते काहीतरी बोलतील. ते बराच वेळ शेंगाच फोडत राहिले. मग म्हणाले, चाळीसगावच्या पुढं एकदा, पहाटेचं, मालगाडी भरलेली, आणि मला आठवतच नाही मधली दोन स्टेशनं. ड्रायव्हर आणि असिस्टंट प्रत्येक सिग्नल मोठ्यानं ओरडून एकमेकांना सांगतात, आम्ही कॉकपिटमध्ये आकडे म्हणतो तसंच. तर, बाबा म्हणाले, असिस्टंट "डबल यलो" ओरडला आणि मला जाग आली, म्हणजे डोळे उघडेच होते, जाग आली. मी पण "डबल यलो" ओरडलो. त्याला कळलं की नाही माहीत नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "हे मला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"सांगून काय करणार होतीस?"

"झोपू दिलं असतं अजून," ती म्हणाली, आणि आत गेली. गल्लीतल्या बर्फवाल्याला गप्प करणारी बाई. अजून म्हणजे किती अजून, ते ना त्यांनी विचारलं ना मी.

हे लिहिताना मध्ये दोनदा फोन वाजला. एकदा कुरिअर, एकदा मुलीच्या शाळेतून, टिफिन विसरलाय. तो बाबा देऊन आले. पावणेबाराला मी नेहमीसारखी अस्वस्थ झाले, कारण शेवटच्या पंधरा मिनिटांत आलेला फोन पण फोनच असतो. अकरा अठ्ठावन्नला नेटवर्क आहे का ते बघितलं. बारा वाजले. बारा दोन.

"लावू का?" आतून आवाज आला.

लाव म्हटलं. अंबाड्याच्या पिना काढत बसलेय, दहा निघाल्या, अकरावी कुठंतरी आत आहे. पहिली शिट्टी झाली.